बेघर निवाऱ्यात स्वयंसेवक व्हायचंय? मग वार लावून घ्या

दसरा उलटला की मला फोन यायला लागतात. "तुम्ही त्या निवाऱ्यात जाता ना? आम्हाला दिवाळीत फराळ वाटायचाय. शनिवारी संध्याकाळी चालेल? मुलंही येतील, त्यांनाही जरा कळेल." मी हो म्हणते, पण हल्ली सोबत एक प्रश्नही विचारते, "फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी याल का?" पलीकडून आवाज येत नाही.

दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या निवाऱ्यात चिवड्याचे इतके पुडे येतात की ठेवायला जागा उरत नाही. खाणाऱ्यांतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना दात नाहीत. चकली चहात बुडवून, मऊ होईपर्यंत धरून बसलेले आजोबा मी दरवर्षी बघते. आणि फेब्रुवारीत रजिस्टर लिहायला माणूस मिळत नाही.

पूर्वी शहरात शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवायची. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्या घरांनी एकदाच पंचपक्वान्नांचं ताट वाढलं असतं तर कुणाचं शिक्षण झालं नसतं. दर मंगळवारी आमटी-भात ठरलेला होता, म्हणून झालं. निवाऱ्यातलं काम तसंच आहे. माझा वार बुधवार. मुलुंडला राहते, ऑफिस फोर्टला, आणि वाटेत मध्य रेल्वेच्या एका स्टेशनबाहेर पुरुषांचा निवारा आहे, तिथे पाच वर्षं बुधवारी संध्याकाळी सात ते साडेनऊ जाते. पुढे लिहिलंय ते त्या अडीच-अडीच तासांतून शिकलेलं आहे. काही चुका करून, काही ओरडा खाऊन.

तिथे कोण राहतं, हे आधी समजून घ्या

बेघर म्हटलं की डोळ्यांसमोर भीक मागणारा माणूस येतो. आमच्याकडचे बहुतेक जण काम करतात. लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी आणि भांडी घासणारे, नाक्यावर उभे राहणारे बिगारी, रात्रपाळीचे वॉचमन, भंगार वेचणारे, मंडईत ओझी वाहणारे. केटरिंगवाले रात्री दोनला सुटतात आणि सकाळभर झोपतात. "एवढा धडधाकट माणूस दिवसा झोपलाय" असं म्हणून मोकळं व्हायच्या आधी हे ठाऊक हवं. त्यांच्याखेरीज शहरातल्या वेगवेगळ्या निवाऱ्यांत असतात घरातून बाहेर काढलेले म्हातारे, नवऱ्याच्या मारापायी पळालेल्या बायका, आणि परळला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी बिहार-बंगालमधून आलेल्या पेशंटचे नातेवाईक.

2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली होती. बृहन्मुंबईत आकडा 57 हजारांच्या घरात आला. ती रात्र ज्यांनी कुणाच्या रिसेप्शनची भांडी घासण्यात घालवली, ते त्यात आले असतील का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याच जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 1 कोटी 24 लाखांच्या वर. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 पासूनच्या आदेशांप्रमाणे दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तोही चोवीस तास आणि बारा महिने चालणारा. म्हणजे मुंबईत सव्वाशेच्या आसपास हवेत. प्रत्यक्षात आहेत ते फारच कमी. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी 50 चौरस फूट जागा धरली होती. आमच्याकडे दोन गाद्यांच्या मधून चालताना साडीचा काठ धरावा लागतो.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. पण निवाऱ्यात काही कमी दिसलं की लगेच केअरटेकरवर चिडायचं नाही, एवढ्यापुरते ते लक्षात ठेवा.

निवारा कसा निवडायचा

तुमच्या भागातला निवारा कुठे आहे हे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारा. बहुतेक ठिकाणी जागा पालिकेची आणि चालवणारी संस्था वेगळी असते, तेव्हा संस्थेचं नाव आणि निवाऱ्याच्या प्रमुखांचा नंबर दोन्ही घ्या. पाटी मोठी असेलच असं नाही. आमचा निवारा मी दोन वर्षं रोज ट्रेनच्या खिडकीतून बघत होते आणि पालिकेचं गोडाऊन समजत होते.

मग मनाशी तीन गोष्टी ठरवा.

पहिली म्हणजे अंतर. बांद्र्याला राहून मानखुर्दला जायचा उत्साह तीन आठवडे टिकतो. घर ते ऑफिस या वाटेवर, त्याच लाइनवरचं स्टेशन निवडा. पावसाळ्यात हार्बर लाइन बंद पडली तर काय, हेही आत्ताच विचारात घ्या, कारण ज्या दिवशी ट्रॅकवर पाणी साचतं त्याच दिवशी निवाऱ्यात दुप्पट माणसं येतात.

दुसरी म्हणजे निवारा कोणाचा. पुरुषांचे, बायकांचे, कुटुंबांचे आणि मुलांचे निवारे वेगळे असतात. मुलांबरोबर काम करायचं असेल तर पोलीस पडताळणी आणि संस्थेचं बालसंरक्षण धोरण यांना पर्याय नाही. एखादी संस्था त्यातलं काहीच न विचारता पहिल्याच दिवशी तुम्हाला मुलांच्या खोलीत सोडत असेल, तर तिथून काढता पाय घ्या. बायकांच्या निवाऱ्यात पुरुष स्वयंसेवकांना सहसा आत घेत नाहीत. ते रास्तच आहे, त्यात मानापमान नको. हिशेब, सामान आणणं, कॉम्प्युटरची कामं अशी बाहेरची कामं तिथेही ढीगभर असतात.

तिसरी गोष्ट, रात्र निवाराच हवा का? मुंबईत याच्या आसपासची कामं पुष्कळ आहेत. दादरला संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. भायखळ्याला मदर तेरेसांच्या सिस्टर्सचं आशा दान आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या गावी पोहोचवणारी डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन कर्जतला आहे, 2018 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'कोशिश' प्रकल्प 2006 पासून बेघरांच्या आणि भिक्षेकऱ्यांच्या प्रश्नावर काम करतो. प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी. आधी फोन करा, थेट जाऊन धडकू नका.

पहिली भेट

रिकाम्या हातांनी जा. खरंच. बिस्किटांचा पुडा घेऊन गेलात की तुम्ही 'वाटपवाले' ठरता आणि तो शिक्का पुसायला महिना जातो.

साधे कपडे, बंद चपला किंवा सँडल, गळ्यात सोनं नको, पर्स छोटी. ओळखपत्राची झेरॉक्स आणि दोन फोटो बरोबर ठेवा, स्वयंसेवकांच्या फाइलला लागतात. प्रमुखांना भेटा आणि सरळ सांगा की मी आठवड्यातून अमुक वारी इतके ते इतके येऊ शकते, निदान सहा महिने. आणि विचारा, "या वेळात तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची अडचण होते?" मी वाचनालय सुरू करायचं मनात धरून गेले होते. उत्तर मिळालं, "मॅडम, संध्याकाळी रजिस्टर आणि चादरींचा हिशेब एकाच वेळी येतो, माझे हात दोनच." वाचनालय अजून व्हायचंय.

आणखी काही गोष्टी तिथेच विचारून घ्या. एकट्या स्वयंसेवकाला कुठे जायची परवानगी नाही? भांडण झालं तर कोणाला हाक मारायची? प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे? बाहेरून आलेलं जेवण कोण तपासतं? उत्तरं नीट मिळाली तर समजा की जागा बरी चालली आहे.

पहिले चार आठवडे

या काळात एवढंच करा. वेळेवर या, सांगितलेलं काम करा, वेळेवर जा.

मला रजिस्टर दिलं. नाव, वय, गाव, आल्याची वेळ, सही किंवा अंगठा. सोपं वाटतं, पण खरी ओळख इथेच होते. एक काका रोज सही करताना पेन हातात धरून क्षणभर थांबायचे आणि मग अंगठ्याकडे वळायचे. तिसऱ्या बुधवारी त्यांनी हळूच विचारलं, "ताई, आज सही करून बघू?" चौथीपर्यंत शिकले होते, तीस वर्षांत पेन धरला नव्हता. त्यांचं आडनाव रकान्याबाहेर जाऊन पुढच्या माणसाच्या वयावर चढलं. मी ते पान जपून ठेवलंय.

बोलायचं कसं? "अहो", "काका", "मावशी", "दादा". वयाने लहान दिसला तरी पहिल्या भेटीत "तू" नको. हिंदी बोलणाऱ्यांशी "आप". रस्त्यावर या माणसांना दिवसभर "ए, हट" ऐकावं लागतं, त्यामुळे एक "अहो" लगेच कानाला लागतो. नाव लक्षात ठेवा आणि नावानं हाक मारा.

आणि घर का सोडलं, हे विचारू नका. ही चूक मी दुसऱ्याच बुधवारी केली. एका माणसाला सहज म्हटलं, "गावाकडे कोण कोण असतं?" त्यांनी ताट तसंच ठेवलं, उठले आणि रात्रभर बाहेर कठड्यावर बसून राहिले. केअरटेकर भाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, ते सांगतील तेव्हा ऐकायचं. आपण दार ठोठावायचं नाही." क्रिकेट, पाऊस, गुडघेदुखी, मेगाब्लॉक. बोलायला विषय पुष्कळ आहेत. कॅरम येत असेल तर फारच उत्तम.

कागदपत्रं: खरं काम इथे आहे

जेवण द्यायला मुंबईत माणसं मिळतात. आधार केंद्रावर तीन तास बरोबर बसणारं कुणी मिळत नाही. तुम्हाला फॉर्म भरता येत असतील आणि सरकारी ऑफिसात टिकून राहायची चिकाटी असेल, तर हेच काम मागून घ्या.

आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येकाकडे एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्या आत दुसरी, त्यात तिसरी. सगळ्यात आत चौघडी घातलेला कागद, ज्याच्या घड्या आता फाटून चार तुकडे झालेत. एकदा एका आजोबांनी तशी पिशवी माझ्यासमोर उलगडली. आत 1994 सालचा गिरणीचा पगाराचा कागद, एका बाईचा रंग उडालेला फोटो आणि हॉस्पिटलचा डिस्चार्ज पेपर. ज्याची गरज होती ते रेशनकार्ड एका पावसात गेलं होतं. पिशव्या भिजतात, चोरीला जातात, झोपेत उशाखालून ओढल्या जातात. तेव्हा सगळ्यात आधी प्रत्येकाच्या सगळ्या कागदांचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा, पण त्यांना विचारून. तो निवाऱ्याच्या मेलवर किंवा कॉम्प्युटरवर ठेवा आणि तुमच्या फोनमधून पुसून टाका. दोन झेरॉक्स निवाऱ्याच्या फाइलला लावा.

सुरुवात आधारपासून करा, बाकी सगळं त्याला जोडलेलं आहे. पत्ता नाही म्हणून आधार मिळत नाही असं लोक समजतात. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने विहित नमुन्यात सही-शिक्क्यासह दिलेलं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. नमुना आधारच्या अधिकृत वेबसाइटवर मिळतो, त्यात फोटो चिकटवून त्यावर आडवी सही घ्यायला विसरू नका, त्यापायी आम्ही दोनदा परत आलोय.

केंद्रावर जायच्या आधी एक प्रश्न मात्र नक्की विचारा, "पूर्वी कधी बोटं लावली होती का?" कारण गावाला एकदा आधार निघालं असेल आणि हरवलं असेल, तर नवीन नोंदणी नाकारली जाते आणि दोन-तीन आठवडे फुकट जातात. अशा वेळी बोटांच्या ठशांवरून जुना नंबर शोधून घ्यायचा असतो. हमाली केलेल्या, सिमेंट कालवलेल्या हातांचे ठसे कित्येकदा उमटतच नाहीत. यंत्र लाल दिवा दाखवतं आणि माणूस ओशाळतो, जणू गुन्हा केलाय. ऑपरेटरला नम्रपणे सांगा, डोळ्यांचं स्कॅन करून बघा. आदल्या रात्री हाताला थोडं खोबरेल लावायला सांगा, ठसे जरा बरे येतात. केंद्रावर जाताना मात्र हात धुऊन कोरडे करून जायचं.

आधारनंतर बँक खातं. मग ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे रेशनकार्ड, अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड, निराधारांसाठीची संजय गांधी योजना. या योजनेला महाराष्ट्रातल्या 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि चाळीस वर्षं मुंबईच्या फूटपाथवर काढलेल्या माणसाकडे तोच नसतो. तेव्हा जुने हॉस्पिटलचे केसपेपर, कंपनीचा पास, पोस्टाचं पासबुक, काहीही फेकू देऊ नका. त्या आजोबांचा 1994 चा पगाराचा कागद मी म्हणूनच लॅमिनेट करून घेतला.

मतदार यादीचं बहुतेकांना माहीत नसतं. बेघर माणूस नमुना 6 भरून मतदार होऊ शकतो. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री येऊन तो माणूस सांगितलेल्या जागी खरंच झोपतो का हे पाहायचं असतं, तेही एकाहून जास्त रात्री. तसं दिसलं तर राहण्याचा वेगळा कागद लागत नाही. बीएलओला हे ठाऊक असेलच असं धरून चालू नका.

या सगळ्यासाठी एक वही घाला. एका माणसाला एक पान. काय अर्ज केला, तारीख, पावती क्रमांक, पुढची फेरी केव्हा. आणि जे होणार नाही ते कबूल करू नका. "करून देते" म्हणण्यापेक्षा "येत्या गुरुवारी सकाळी बरोबर येते" म्हणा, आणि जा.

दवाखान्यात सोबत

केईएम, सायन, नायर, जेजे. उपचार मिळतात, पण केसपेपरच्या रांगेपासून औषधाच्या खिडकीपर्यंत एकट्या, न वाचता येणाऱ्या माणसाचा पार चेंदामेंदा होतो. कुठल्या मजल्यावर जायचं हे तो तीनदा विचारतो, चौथ्यांदा विचारायची लाज वाटते आणि परत येतो. तुम्ही बरोबर असणं एवढंच काम आहे. ओपीडीच्या नोंदणीला सकाळी लवकर पोहोचा, जुने पेपर बरोबर ठेवा, डॉक्टर बोलतील ते लिहून घ्या, आणि औषधाच्या पाकिटावर स्केचपेननं सूर्य-चंद्र काढून द्या. सकाळची गोळी, रात्रीची गोळी. बाहेरच्या तपासण्या किंवा महागडं औषध लिहून दिलं तर हॉस्पिटलमधल्या समाजसेवकांना भेटा, मदतीच्या वाटा त्यांना माहीत असतात.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायलाच हवी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. औषध मध्येच सुटू नये हे मात्र तुमच्या बुधवारांवरही अवलंबून असतं. खरूज निघाली तर एकट्याला मलम देऊन भागत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच दिवशी लावावं लागतं आणि चादरी-कपडे गरम पाण्यात काढावे लागतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांच्या पायांना जखमा आहेत का ते बघा. लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, भीती खरी असते, पालिकेच्या दवाखान्यात लगेच पाठवा.

जेवण आणि वस्तू

एका जुलैत आमच्या ओळखीच्या एका लग्नातला पुलाव मीच मोठ्या कौतुकाने निवाऱ्यात आणला. हॉलमधून निघायला उशीर, वाटेत ट्रॅफिक, डबे बंद. केअरटेकरनी झाकण उघडलं, वास घेतला आणि काही न बोलता डबा बाजूला ठेवला. मी म्हटलं, "अहो, ठीक आहे, गरम करू." त्यांनी ऐकलं नाही म्हणून वाचले. तेव्हापासून मी ठरवलंय, शिजवलेलं अन्न आणायचं तर शिजल्याची वेळ विचारायची, आदल्या दिवशी कळवायचं, आणि दमट हवेत दोन तासांपलीकडचं हातात घ्यायचं नाही. आचाऱ्याला आधी विचारायचं, कारण त्याने डाळ शिजवून ठेवली असेल तर तुमच्या बिर्याणीपायी ती वाया जाते. मऊ, कमी तेलाचं, कमी तिखट. मधुमेहवाले बरेच असतात, रोज रोज जिलबी नको.

वस्तूंचं म्हणाल तर जरीच्या साड्या, लग्नातले कोट आणि एकेकटे बूट नकोत. हवं असतं ते साधं: नव्या बनियन आणि अंडरवेअर, आठ-नऊ नंबरच्या रबरी चपला, लुंग्या, टॉवेल, नेलकटर, सॅनिटरी पॅड, लॉकरसाठी छोटी कुलपं, वाचायचे तयार चष्मे. चष्मा ही फार मोठी चीज आहे. दीड-दोन नंबरचा डोळ्याला लावला की माणूस आधी स्वतःचे हात बघतो.

अवघड वेळ आली तर

दारू पिऊन आलेल्याशी वाद घालू नका, अंगाला हात लावू नका, वाट मोकळी ठेवा आणि केअरटेकरला बोलवा. जीवावरचं असेल तर 108 (अँब्युलन्स) किंवा 112 (पोलीस आणि तातडीची मदत). एकटं मूल दिसलं तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. कायद्याने त्याला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, तुम्ही स्वतःच्या घरी नेणं हे पुण्य नाही, गुन्ह्यात मोडू शकतं. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, "संस्थेचं नाव खराब होईल" असं कुणी म्हणालं तरीही. म्हाताऱ्यांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

रस्त्यावर स्वतःशी बोलत भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाबद्दल पोलिसांना सांगितलं की "आमचं काम नाही" असं उत्तर मिळू शकतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 100 त्यांच्यावर अशा माणसाला संरक्षणाखाली घ्यायची आणि 24 तासांत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायची जबाबदारी टाकतं. कलमाचा आकडा शांतपणे सांगा, आवाज न चढवता.

रात्री फूटपाथवर फिरून लोकांना आत आणायला जायचं असेल तर नेहमी निवाऱ्याच्या टीमबरोबर जा. आणि सगळे येतील अशी अपेक्षा ठेवू नका. आत आलं तर हातगाडी बाहेर राहते, नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं, कुत्र्याला दारातच थांबावं लागतं. "फुकट जागा असून येत नाहीत" असं म्हणणाऱ्यांनी स्वतःचं सगळं सामान रात्रभर रस्त्यावर सोडून बघावं. 1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं होतं की माणसं फूटपाथवर राहतात ती पोटाचं काम जवळ असतं म्हणून.

पैसे, फोन, फोटो

उसने पैसे देऊ नका. एकाला दिलेत की रात्री दहापर्यंत सगळ्यांना कळतं आणि न मिळालेला रुसतो. खरी गरज असेल तर निवाऱ्याच्या प्रमुखांकडे द्या, पावती घ्या. तुमचा घरचा पत्ता आणि नंबर वाटू नका, निवाऱ्याचा लँडलाइन किंवा मोबाइल द्या. एवढा नियम मी मोडलाय, एकदाच, आणि मध्यरात्री दोनला आलेल्या अकरा मिस्ड कॉल्सनी मला तो पुन्हा शिकवला.

फोटोबद्दल एकच सांगते. तुमच्या ऑफिसचा ग्रुप येऊन निवाऱ्यात सेल्फी काढत असतो, तेव्हा मागे भिंतीकडे तोंड करून झोपायचं नाटक करणारा माणूस कदाचित गावाला पैसे पाठवत असतो आणि तिथे सांगितलेलं असतं की मी मुंबईत खोली घेऊन राहतो.

सुट्टी घ्यायची किंवा थांबायचं असेल तेव्हा

आजारी पडाल, मुलांच्या परीक्षा येतील, बदली होईल. हरकत नाही. फक्त न सांगता गायब होऊ नका. एक आठवडा चुकणार असेल तर आदल्या बुधवारी तोंडाने सांगा. कायमचं थांबणार असाल तर महिनाभर आधी सांगा, वही पुढच्या माणसाच्या हातात द्या आणि प्रत्येक पानावरच्या माणसाशी त्याची ओळख करून द्या.

माझ्या वहीत आत्ता अकरा पानं अर्धवट आहेत. सातव्या पानावरच्या काकांचं आधार तिसऱ्यांदा परत आलंय. उद्या सकाळी साडेआठला केंद्राबाहेर भेटायचं ठरलंय. ते सातलाच येऊन पायरीवर बसतील, म्हणून मला सहाची गाडी पकडावी लागणार. काकांचे हात पुसायला कोरडा रुमाल पर्समध्ये टाकून झालाय.